एकदा बघायला हरकत नाही

जेवणं आटोपली की आम्ही खाली उतरतो,
कन्नमवार नगरात, पंपरूमच्या ओट्यावर.
निमित्त शतपावलीचं.
शंभरातली चाळीस पावलं होतात,
उरलेली साठ सिनेमात जातात.

तावडे प्लंबर.
त्यांचं मत नळापासून सुरू होतं.
"काल तो खुनाचा पाहिला. बाई बेसिनवर हात धुते,
रक्त वाहतंय, सगळं खरं.
पण बेसिनखाली ट्रॅपच नाही हो!
घाण वासानंच अर्धी वस्ती गोळा झाली असती."
मग तंबाखूची चिमूट सरकवून :
"बाकी बरा आहे. एकदा बघायला हरकत नाही."

डिमेलो सिस्टर रात्रपाळीला जाताना
पाच मिनिटं टेकतात.
नायक मरायला लागला की त्यांना हसू फुटतं :
"सरळ रेघ आल्यावर शॉक कोण देतं?
आणि सलाईन? शर्टाच्या बाहीला चिकटवलेलं!"
परवा मात्र म्हणाल्या,
एका सिनेमात एक आया आहे,
दोन मिनिटांचं काम, नुसती चादर बदलते,
पण पेशंटला कुशीवर वळवते ते अगदी बरोब्बर,
आधी गुडघा, मग खांदा.
"तिनं हे केलेलं आहे कुठंतरी. कुणासाठी तरी."
सिनेमाचं नाव विचारलं तर आठवेना.

शब्बीर मास्तरांना खलनायक आवडला.
"कॉलर बघितली का त्याची? मानेला कशी बसलीय!
असे कपडे शिवून घेणारा माणूस
मनानं एवढा वाईट नसतो."

तावड्यांचा प्रणिल सगळं दीडपट वेगानं बघतो,
मोबाइलवर, एक कान उघडा ठेवून.
"आजी मरते तो भाग पुढे ढकलला मी.
स्टोरीत काही फरक पडत नाही."
"तुझी आजी गेली तेव्हाही तू क्लासलाच होतास,"
तावडे म्हणाले. सहज म्हणाले.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग कुणीतरी मॉलमधल्या पॉपकॉर्नचा भाव काढला,
आणि आम्ही सगळे एकमतानं
त्यावर तुटून पडलो.

"हेमाताई, तुम्ही काय पाहिलंत?"

गुरुवारी अर्धी रजा टाकून
घाटकोपरला दुपारचा शो पाहिला होता मी.
अख्ख्या थिएटरात अकरा माणसं. मोजली,
कारण पडद्यावर काही घडतच नव्हतं.
एक बाई कामावरून येते,
पर्स फ्रिजवर ठेवते,
फ्रिज उघडा ठेवून त्याच्याच उजेडात
पातेल्यातूनच दहीभात खाते,
उभ्यानं.
आत वरच्या कप्प्यात
बशीत पालथं घातलेलं अर्धं लिंबू.

मी तस्संच ठेवते.
यांना कुणी सांगितलं?

मागची दोन पोरं उठून गेली.
मी पर्सची चेन लावत बसले, उघडत बसले.
बाई अजून खातच होती.

हे सगळं ओट्यावर कसं सांगणार.
म्हटलं, "संथ आहे जरा."
"गाणी?"
"नाहीत."
"मारामारी?"
"छे."
"मग शेवटी होतं काय?"
"पातेलं घासते."
सगळे हसले. मीही हसले.
डिमेलो सिस्टर घड्याळ बघून उठल्या,
जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या,
तो तोल सावरायलाही असेल.

तावडे तेवढे अडून बसले :
"त्या स्वयंपाकघरातला नळ कसा होता?"
आठवून बघितलं.
"गळत होता," म्हटलं. "थेंब थेंब. शेवटपर्यंत."

तावडे ताठ बसले.
"सिनेमाभर?"
"सिनेमाभर."

"वॉशर गेला असणार," ते म्हणाले,
"दहा रुपयांचं काम.
कुणाला सांगितलंच नसेल त्या बाईनं."

मी म्हटलं, हो,
नसेल सांगितलं.